न हरता खाली कसा घसरला? जागतिक बॉक्सिंग संघटनांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि क्रमवारी समित्यांचे सदस्य,
डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ

स.न.वि.वि.

मी कटमन आहे. दोन फेऱ्यांच्या मधल्या साठ सेकंदांत बॉक्सरच्या भुवईवरची जखम बंद करायची, सूज दाबायची आणि त्याला पुन्हा उभं करायचं, हे माझं काम. ज्याच्या कोपऱ्यात मी सध्या असतो, तो वेल्टरवेट (147 पौंडांपर्यंतच्या) गटातला मुलगा दुसऱ्या देशातून आलेला आहे. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की वाचणारे लगेच बाजू घेतात, आणि मला त्या वादात शिरायचं नाही.

तुमच्यासारख्या, जगज्जेतेपदाचे किताब देणाऱ्या आणि क्रमवारी लावणाऱ्या एका संघटनेच्या (तिचंही नाव घेत नाही) यादीत तो सहावा होता. नंतर तो कुठे हरला नाही, कुठली लढत त्याने नाकारली नाही. तरी पुढच्या यादीत तो अकरावा. ज्यांनी त्याला ओलांडलं, त्यांच्यातल्या काहींनी मधल्या काळात हातमोजेसुद्धा चढवले नव्हते. आम्ही लेखी कारण विचारलं. एका ओळीचं उत्तर आलं: समितीने सर्व बाबींचा विचार करून निर्णय घेतला आहे.

कुठल्या बाबी? ते सांगायला कोणी तयार नाही. खासगीत विचारून झालं, म्हणून आता चारचौघांत विचारतो. आणि एकाच संघटनेला विचारून भागणार नाही, कारण खोड सगळ्या घराची आहे.

तुम्ही म्हणाल, क्रमवारी वरखाली होतच असते, एवढं मनाला काय लावून घ्यायचं? स्थानिक बॉक्सरच्या बाबतीत हे मी मान्यही करीन. त्याच्याकडे क्रमवारीशिवाय बरंच काही असतं. तिकिटं घेणारे शेजारी असतात, शाळासोबती असतात, त्याच्या भाषेत बातमी छापणारा वार्ताहर असतो. तो यादीत नसला तरी लढती भरवणारा प्रमोटर त्याला मोठी लढत मिळवून देतो, कारण त्याच्या नावावर सभागृह भरतं. धंद्यात त्याला ‘ए-साइड’ म्हणतात. बाहेरून आलेला तो ‘बी-साइड’. पोस्टरवर त्याचं नाव खाली. रिंगमध्ये त्याने आधी जायचं आणि समोरच्याचं गाणं, रोषणाई, मिरवणूक संपेपर्यंत अंगातला घाम थंड होऊ देत उभं राहायचं. त्याच्या नावावर तिकिटं खपत नाहीत. प्रमोटरसमोर ठेवायला त्याच्याजवळ एकच गोष्ट असते, ती म्हणजे तुमच्या यादीतला आकडा.

शिवाय तो आकडा नुसता मानाचा नाही. अमेरिकेचा खेळाडूंसाठीचा पी-1ए व्हिसा घ्या. त्या अर्जासोबत जे पुरावे ग्राह्य धरतात, त्यांत आंतरराष्ट्रीय क्रमवारीतलं स्थान हा एक पुरावा आहे. आमचा वकील तुमच्या यादीचं पान छापून फाइलला लावतो आणि मुलाच्या नावावरून पिवळा मार्कर फिरवतो. पुढच्या वेळी नूतनीकरण असेल तेव्हा मार्कर कुठे फिरवायचा, हे तुमच्या बैठकीत ठरतं. स्थानिक मुलगा पाच पायऱ्या घसरला तर त्याला राग येतो. आमचा घसरला तर त्याला घरभाड्याच्या कराराआधी वकिलाला फोन करावा लागतो. तुमच्यातल्या किती सदस्यांना हे माहीत आहे, मला शंका आहे.

पैशांचंही सांगून टाकतो, कारण लोकांना वाटतं बॉक्सर म्हणजे लक्षाधीश. हिशेबाला सोपं म्हणून शंभर डॉलरचं मानधन धरा. अमेरिकेत लढणाऱ्या अनिवासी बॉक्सरचे साधारण 30 टक्के करापोटी आधीच कापले जातात. मॅनेजर 33 पर्यंत घेऊ शकतो. बऱ्याच राज्यांत कायद्याने तीच कमाल मर्यादा आहे. प्रशिक्षकाचे रिवाजाने 10. किताबाची लढत असेल तर तुमच्या फीचे 3. माझे 2, तेही लपवत नाही. उरले 22. त्यातून स्पारिंगला (सरावाच्या लढतींना) येणाऱ्यांचे पैसे, सराव शिबिराचं भाडं, डोळ्यांची तपासणी, मेंदूचा एमआरआय. विवरणपत्र भरल्यावर कराचे काही पैसे परत येतात, पण ते येईपर्यंत पुढचं शिबिर उसनवारीवर उरकलेलं असतं. तुमचे 3 टक्के यात सगळ्यात मोठे नाहीत, हे कबूल. पण बाकीचे घेणारे काहीतरी करून दाखवतात. प्रशिक्षक पहाटे उठतो, मी रक्त थांबवतो. तुम्ही एकाच कामाचे पैसे घेता: कोण कुठे उभा आहे हे नीट सांगायचं. आणि नेमकं तेच काम अंधारात चालतं.

हा वेल्टरवेट गट उभा केला तो बाहेरून आलेल्यांनीच, याची आठवण करून देणं भाग आहे. कॅरिबियनकडून बॉस्टनला पोहोचलेला जो वॉल्कॉट, उंची जेमतेम पाच फूट दीड इंच, 1901 मध्ये वेल्टरवेटचा जगज्जेता झाला. सेंट थॉमस बेटावरून आलेला एमिल ग्रिफिथ न्यूयॉर्कमध्ये टोप्यांच्या कारखान्यात कामाला होता. मालकाने त्याची पाठ आणि खांदे बघून त्याला जिममध्ये नेलं. बेनी पॅरेट आणि लुईस रॉड्रिगेझ क्यूबाचे. होजे नापोलेसही क्यूबाचा. फिडेल कास्त्रोच्या सरकारने व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी घातली, तेव्हा तो मेक्सिकोला गेला आणि तिथलाच झाला. ही नावं वगळली तर वेल्टरवेटच्या इतिहासात मोठमोठी भोकं पडतील.

त्यांना दारं उघडी होती असंही नाही. ब्रिटनमध्ये 1948 पर्यंत राष्ट्रीय किताबासाठी लढायचं तर आईबाप गोरे हवेत, असा नियमच होता. तो मोडला तेव्हा ब्रिटिश गयानातून आलेल्या माणसाचा मुलगा, डिक टर्पिन, मिडलवेटचा किताब जिंकून गेला. तो नियम लाजिरवाणा होता, पण निदान छापलेला होता. त्याच्यावर बोट ठेवून भांडता येत होतं. आज असा नियम कुणाकडे नाही. आज फक्त कारण सांगितलं जात नाही.

आता तक्रारी.

पहिली अर्थात क्रमवारीचीच. लढतीआधी बॉक्सरच्या हाताला पट्ट्या कशा बांधल्या जातात, हे तुम्हाला माहीत आहे. जाळीचं कापड किती, चिकटपट्टी किती, ती बोटांच्या सांध्यांवर येते का, हे बघायला समोरच्याचा माणूस शेजारी उभा असतो. बांधून झालं की निरीक्षक पट्टीवर पेनने सही करतो. जानेवारी 2009 मध्ये शेन मोस्लीशी लढायच्या आधी अंतोनियो मार्गारिटोच्या पट्ट्यांत कडक झालेला गिलाव्यासारखा पदार्थ सापडला, तो असाच समोरच्या प्रशिक्षकाच्या डोळ्यांमुळे. कॅलिफोर्नियाने परवाना काढून घेतला. तेव्हापासून तर आमच्या पट्ट्यांकडे सगळे जास्तच वाकून बघतात, आणि बघावंच. पण हा बॉक्सर या खोलीत का बसला आहे, किताबाच्या लढतीचा हक्क त्याला कुणी आणि कशावरून दिला, यावर कुणाची सही नसते.

असं चालल्यावर काय होतं, याची उदाहरणं तुमच्याच दप्तरात आहेत. डॅरिन मॉरिस नावाचा सुपर मिडलवेट ऑक्टोबर 2000 मध्ये वारला. डब्ल्यूबीओच्या यादीत तो त्यानंतर सातव्यावरून पाचव्या क्रमांकावर चढला. गेलेल्या माणसाला बढती मिळते आणि जिवंत माणूस न हरता घसरतो, हे बघून हसावं की रडावं कळत नाही. आयबीएफचे संस्थापक बॉब ली यांच्यावर क्रमवारीसाठी पैसे घेतल्याचा खटला चालला. मुख्य कटाच्या आरोपातून ते सुटले, पण करचुकवेगिरी आणि अवैध पैशांच्या व्यवहारात दोषी ठरून तुरुंगात गेले. ही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आता सगळं सुधारलंय, असं तुम्ही सांगाल. असेलही. मग दाखवायला काय हरकत आहे?

त्याच काळात, 2000 साली, अमेरिकेत मुहम्मद अली यांच्या नावाचा बॉक्सिंग सुधारणा कायदा झाला. बॉक्सरने लेखी विचारलं तर सात दिवसांत त्याच्या क्रमांकाचे निकष आणि कारण लेखी द्यायचं. पहिल्या दहांत बदल झाला तर त्याचं स्पष्टीकरण संकेतस्थळावर टाकायचं, असं त्यात सरळ लिहिलेलं आहे. ‘सर्व बाबींचा विचार करून’ हे स्पष्टीकरण नव्हे. तो दारावरचा पडदा झाला. आणि अकरावा, बारावा, पंधरावा असणाऱ्यांनी काय करायचं? बाहेरून आलेला मुलगा बहुतेक वेळा तिथेच ताटकळत असतो.

याच तक्रारीला जोडून तुमच्या प्रादेशिक किताबांच्या पट्ट्यांचं, म्हणजे विजेत्याच्या कमरेला बांधतात त्या पट्ट्यांचं. इंटरकॉन्टिनेंटल, इंटरनॅशनल, सिल्व्हर, ग्लोबल, फेडेलॅटिन. असा एखादा पट्टा जिंकला की बॉक्सर यादीत शिरतो किंवा वर सरकतो, हे जिममधल्या झाडूवाल्यालाही ठाऊक आहे. पट्ट्याची लढत भरवायची तर तुमची फी भरायची. ती भरणारा प्रमोटर अर्थातच आपल्या ए-साइडसाठी भरतो. मग शिडी कौशल्याची राहिली की पावतीची?

दुसरी तक्रार किताबांच्या पट्ट्यांच्या संख्येची, आणि इथे मला योर्डेनिस उगासबद्दल जरा सविस्तर लिहू द्या, कारण परदेशातून येऊन वेल्टरवेटमध्ये वर चढणं म्हणजे काय, हे त्याच्या कारकिर्दीइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने क्यूबासाठी कांस्यपदक जिंकलं. 2010 मध्ये देश सोडला आणि अमेरिकेत व्यावसायिक झाला. 2014 मध्ये लागोपाठ दोन लढती हरला आणि दोन वर्षं रिंगपासून दूर राहिला. 2016 मध्ये परतला तो वेल्टरवेट म्हणून, तेही अशा लढतींत जिथे जिंकायचं दुसऱ्यानेच असतं. तो जिंकत गेला. मार्च 2019 मध्ये शॉन पोर्टरविरुद्ध डब्ल्यूबीसीच्या किताबासाठी लढला. एका जजच्या गुणांच्या कागदावर उगास 117-111 असा सहज पुढे. दुसऱ्याच्या कागदावर पोर्टर 116-112 आणि तिसऱ्याच्या कागदावर पोर्टरच 115-113. तिघं एकाच रिंगभोवती बसले होते. पट्टा पोर्टरकडे राहिला.

पुढच्या वर्षी डब्ल्यूबीएचा ‘रेग्युलर’ (त्यांच्याच ‘सुपर’च्या खालचा) किताब त्याला मिळाला. जानेवारी 2021 मध्ये तेव्हाचा ‘सुपर’ विजेता मॅनी पॅकियाव बराच काळ लढला नाही म्हणून डब्ल्यूबीएने त्याला ‘सुट्टीवरचा विजेता’ केलं आणि उगासला ‘सुपर’ विजेता. म्हणजे पट्टा टपालाने आला म्हणा ना. त्यात उगासचा काय दोष? पण लोकांनी त्याला जगज्जेता मानलं नाही, आणि मानावं तरी कसं? ऑगस्ट 2021 मध्ये पॅकियावशी लढणार असलेल्या एरोल स्पेन्सच्या डोळ्याला इजा झाली आणि अकरा दिवस उरले असताना पॅकियावसमोर उगासला उभं केलं. तो लास व्हेगासमध्ये एकमताने जिंकला: 115-113, 116-112, 116-112. टेबलावर बसून दिलेला पट्टा त्याला रिंगमध्ये जाऊन पुन्हा कमवावा लागला. सुपर, रेग्युलर, अंतरिम, सुट्टीवरचा: या चार शब्दांनी तुम्ही त्याचं काही भलं केलं नाही. त्याच्या विजयाची किंमत मात्र आधीच कमी करून ठेवली होती.

डब्ल्यूबीए एकटीच दोषी आहे असं नाही. टेरेन्स क्रॉफर्डने जुलै 2023 मध्ये स्पेन्सला हरवून चारही पट्टे एकत्र केले. कित्येक वर्षांनी वेल्टरवेटला एकच धनी मिळाला होता. नोव्हेंबर उजाडला आणि आयबीएफने आपला पट्टा काढून घेतला. नियमाप्रमाणेच घेतला असेल. पण ज्या नियमामुळे एकच विजेता चार महिनेसुद्धा टिकत नाही, तो नियम कुणाच्या सोयीचा आहे, हे सांगायला नको.

तिसरी गोष्ट ताटकळत ठेवण्याची. अधिकृत आव्हानवीर ठरला की ठरावीक मुदतीत विजेत्याने त्याच्याशी लढायचं, असं तुमच्या सगळ्यांच्या नियमावलीत आहे. प्रत्यक्षात मुदतवाढ मिळते, सवलत मिळते, मोठ्या पैशांची दुसरी लढत मध्ये येते आणि आव्हानवीराला बाजूला थांबण्याचे पैसे देऊ केले जातात. स्थानिक मुलगा ते घेऊन दुसरी लढत लढतो. बाहेरच्याला दुसरी लढत सहज मिळत नाही, आणि त्याच्या व्हिसाचं घड्याळ सवलत देत नाही. नापोलेस 1962 च्या सुमारास मेक्सिकोत आला. जगज्जेतेपदासाठी पहिली संधी मिळाली तेव्हा 1969 साल उजाडलं होतं आणि तो 29 वर्षांचा झाला होता. त्याने कर्टिस कोक्सला हरवलं आणि पहिल्याच संधीचं सोनं केलं. मधली वर्षं त्याला कुणी परत दिली?

लिथुआनियाचा एइमंतास स्टॅनिओनिस अलीकडचा. एप्रिल 2022 मध्ये ‘रेग्युलर’ विजेता झाला, पुढची लढत मे 2024 मध्ये. यात दुर्दैवाचा भाग मोठा होता: आधी त्याचं अपेंडिक्स, मग प्रतिस्पर्ध्याचं आजारपण. त्याबद्दल कुणाला बोल लावता येणार नाही. पण दोन वर्षं त्याच्या डोक्यावर एक ‘सुपर’ विजेता बसलेला होता आणि तो स्वतः ना धड विजेता, ना धड आव्हानवीर. मधल्या पायरीवर माणूस असा अडकतो, कारण ती पायरी तुम्ही बांधली आहे.

निष्क्रियतेचं तर काय बोलावं. बराच काळ न लढणाऱ्याला यादीतून काढायची तरतूद तुमच्याकडे आहे. चांगली आहे. पण मोठा आकडा येईपर्यंत मुद्दाम घरी बसलेला नामवंत आणि दूतावासात पासपोर्ट अडकला म्हणून लढत हुकलेला परदेशी, या दोघांना ती सारखी लागते का? माझ्या डोळ्यांसमोर तरी ती उलटी लागलेली आहे.

जजांबद्दल लिहिताना एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो: अन्याय फक्त परदेशी बॉक्सरवर होतो, असा माझा दावा नाही. ऑगस्ट 2021 मध्ये मिनियापोलिसला डब्ल्यूबीएच्या अंतरिम वेल्टरवेट किताबासाठी मायकल फॉक्स आणि गॅब्रिएल माएस्त्रे लढले. फॉक्स अमेरिकी, माएस्त्रे व्हेनेझुएलाचा. फॉक्सने दुसऱ्या फेरीत त्याला खाली पाडलं, पुढेही लढत हातात ठेवली, असं बघणाऱ्या बहुतेकांना वाटलं. निकाल मात्र तिन्ही जजांचा माएस्त्रेच्या बाजूने, त्यांतल्या एका कागदावर तर 117-110. एवढा ओरडा झाला की डब्ल्यूबीएला त्या जजला निलंबित करावं लागलं आणि अंतरिम किताबच रद्द करत असल्याची घोषणा करावी लागली. इथे परदेशी माणूस जिंकला आणि घरचा बुडाला. बी-साइड पासपोर्टवरून ठरत नाही. संघटनेला आणि प्रमोटरला कोण हवा आहे, त्यावरून ठरते. फॉक्स त्या रात्री आयत्या वेळी बोलावलेला होता, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे. बाहेरून आलेल्याच्या नशिबी ती जागा जास्त वेळा येते, इतकंच माझं म्हणणं.

आणि आता जी तक्रार लिहिताना माझा हात जड होतो ती.

वेल्टरवेटची मर्यादा 147 पौंड, म्हणजे साधारण 66.7 किलो. शिबिर नीट झालं असेल तर मुलगा आठवड्याआठवड्याने तिथे उतरतो. दहा-बारा दिवस आधी फोन आला तर उतरत नाही, स्वतःला पिळतो. गरम पाण्याचा टब, अंगावर प्लास्टिकचा सूट, तोंडात बर्फाचा खडा, तोही चोखून थुंकायचा. वजन भरतं. दुसऱ्या रात्री तो माणूस माझ्यासमोर स्टुलावर बसतो, तेव्हा मला कळतं की त्याची कातडी कोरडी आहे. पाणी कमी झालेल्या शरीराची भुवई नेहमीपेक्षा लवकर फाटते, असा माझा अनुभव. ॲड्रेनलिनमध्ये बुडवलेली कापसाची काडी जखमेत दाबून धरतो, वर व्हॅसलीन, आणि घंटा होते. भुवई माझ्या हातात असते. डोक्याच्या आत काय चाललंय, ते माझ्या हातात नसतं.

डब्ल्यूबीसीचा तीस दिवस आणि सात दिवस आधी वजन तपासण्याचा नियम मला मनापासून आवडतो. आयबीएफने लढतीच्या दिवशी सकाळी दुसऱ्यांदा वजन घेऊन दहा पौंडांची मर्यादा ठेवली, तीही शहाणपणाची. पण अकरा दिवस आधी बोलावलेल्याचं तीस दिवसांपूर्वीचं वजन कुठून आणणार? नियम ज्याच्यासाठी केला तो नेमका त्यातून गळतो. घरचा बॉक्सर शिबिरात असतो, त्याची तपासणी होते. आयत्या वेळचा प्रतिस्पर्धी बहुधा बाहेरचा, कारण नाही म्हणणं त्याला परवडत नाही.

रशियाहून अमेरिकेत येऊन सराव करणारा मॅक्सिम दादाशेव वेल्टरवेटच्या खालच्याच गटातला. जुलै 2019 मध्ये तो मेरीलँडमध्ये लढला, आणि ती आयबीएफची आव्हानवीर ठरवणारी लढत होती. अकराव्या फेरीनंतर प्रशिक्षकाने विनवण्या करून लढत थांबवली. चार दिवसांनी दादाशेव गेला. 1962 मध्ये बेनी पॅरेट मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बाराव्या फेरीत दोरांना टेकून मार खात राहिला आणि दहा दिवसांनी वारला. त्याच्याआधी चार महिनेही झाले नव्हते, त्याहून जड गटातल्या जीन फुलमरने त्याला नॉकआउट केलं होतं. त्याला तेव्हा कुणी ‘तीन महिने घरी बस’ म्हणालं नाही. दादाशेवच्या लढतीत नियम मोडला असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, तुमच्या नावाने आणि तुमच्या फीवर होणाऱ्या लढतीत मूल मागे ठेवून कुणी गेला, तर त्याच्या घरच्यांना काय मिळायचं, हे तुमच्या नियमावलीच्या पहिल्या पानावर ठळक हवं. आज ते शोधायला वकील लागतो.

मागण्या साध्या आहेत.

पहिल्या पंधरांतल्या प्रत्येक बदलाचं कारण दोन ओळींत यादीखालीच छापा: कोण कुणाशी लढला, कोण कशामुळे वर गेला, कोण कशामुळे खाली आला. समितीत कोण होतं आणि कुणी मत दिलं नाही, तेही. ज्या सदस्याचा एखाद्या प्रमोटरशी व्यवहार आहे, त्याने त्या प्रमोटरच्या बॉक्सरवर बोलू नये.

एका वजनात एक विजेता. सुपर, रेग्युलर, अंतरिम बंद. विजेता जखमी असेल तर मुदत जाहीर करा आणि ती संपली की जागा रिकामी करा. प्रादेशिक पट्टे हवेत तर ठेवा, पण त्यांना क्रमवारीत वेगळं वजन देऊ नका. कुणाला हरवलं एवढंच बघा.

अधिकृत आव्हानवीराला दिलेली मुदत पुढे ढकलली तर त्याची लेखी संमती घ्या आणि थांबण्यासाठी दिलेली रक्कम जाहीर करा. व्हिसा किंवा प्रवासबंदीमुळे लढत हुकली असेल आणि त्याची कागदपत्रं असतील, तर तो काळ निष्क्रियतेत धरू नका. बॉक्सरने व्हिसाच्या अर्जासाठी पत्र मागितलं, तर त्याचा त्या दिवशीचा क्रमांक आणि त्याची कारणं सही-शिक्क्यानिशी द्या. यासाठी पैसे घेऊ नका.

किताबाच्या आणि आव्हानवीर ठरवणाऱ्या लढतीचे जज दोन्ही बॉक्सरांच्या देशांबाहेरचे असावेत आणि त्यांच्या नेमणुकीत प्रमोटरचा शब्द नसावा. प्रत्येक फेरीचे गुण लढत संपल्यावर लगेच जाहीर करा. निकाल उघडउघड चुकला असं तुमचंच परीक्षण म्हणालं, तर पुन्हा लढतीचा आदेश कागदावर ठेवू नका, तारीख लावा.

आयत्या वेळी घेतलेल्या प्रतिस्पर्ध्यासाठी वजनाची सूट किंवा आधी ठरवलेलं मधलं वजन बंधनकारक करा. नॉकआउटनंतर किती दिवस रिंगमध्ये यायचं नाही, याचा चौघांचा मिळून एकच नियम असू द्या आणि तो कुठल्याही राज्यात, कुठल्याही देशात लागू करा. मानधन एका मर्यादेखाली असेल तर बॉक्सरकडून 3 टक्के घेऊ नका. ते प्रमोटरकडून घ्या. त्याच पैशांतून मेंदूच्या दुखापतीचा विमा उतरवा.

तुमची वार्षिक अधिवेशनं होतात. मोठी हॉटेलं, पट्ट्यांची प्रदर्शनं, जुन्या विजेत्यांचे सत्कार. सगळं होऊ द्या. पुढच्या अधिवेशनाच्या विषयपत्रिकेवर वरचे मुद्दे घ्या आणि चर्चेला किताब नसलेले, वकील नसलेले, पंधराव्या क्रमांकाच्या आसपास घुटमळणारे दोन-चार बॉक्सर बोलवा. त्यांचा प्रवासखर्च तुम्ही करा आणि व्हिसासाठी निमंत्रणाचं पत्र वेळेत पाठवा, नाहीतर ते पोहोचायचे नाहीत.

उत्तर माझ्या नावाने पाठवायची गरज नाही. संकेतस्थळावर, यादीच्या खालीच टाका. आमची मुलं ती यादी दर महिन्याला उघडून बघतातच.

कळावे,
आपला,
वेल्टरवेटच्या कोपऱ्यातला एक कटमन